जांभळीच्या पुढचा पाट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीला स्वतःचं तेव्हाचं नावसुद्धा आता आठवत नसेल. दोन डोंगरांच्या मध्ये एक खोरं होतं आणि त्या खोऱ्यात एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि शेताशेतांतून वळसे घेत खाली उतरायचा. त्या पाटावर गाव जगायचं. ऊस, हळद, केळी, जे मागावं ते पाट द्यायचा.

पाटाच्या शेवटाला, जिथे जमीन उतरून माळाला लागते, तिथे आणखी थोडी घरं होती. ती पिंग्यांची. पिंगे मूळचे डोंगरापलीकडचे. कुठल्याशा राजाच्या काळात ते या खोऱ्यात आले. राजाने त्यांना शेवटची पडीक जमीन दिली. ती त्यांनी फोडली, दगड वेचले, बांध घातले, आणि पाट जिथे संपत होता तिथून पुढे आपल्या शेतांपर्यंत स्वतःच खणून नेला.

त्यांचे केस वाळल्या गवतासारखे पिंगट होते. डोळे घारे. उन्हात त्यांची कातडी काळवंडत नसे, लाल होई. म्हणून गावाने त्यांना पिंगे म्हटलं. ते स्वतःला काय म्हणायचे, हे कोणी विचारलं नव्हतं. पिढ्या गेल्या. पिंगे गावासारखंच बोलायला लागले, गावाच्याच देवाला नारळ वाहायला लागले. केस मात्र काळे झाले नाहीत.

गावात पाटाचा एक थोरला असायचा. पाण्यावरून भांडण झालं तर तो सोडवायचा. त्या वेळी हा मान ज्याच्याकडे होता, त्याला सगळे तात्या म्हणायचे. तात्या भला माणूस होता. खोटं बोलायचा नाही, कोणाच्या बांधावरचं गवतसुद्धा कापायचा नाही. दोघे भांडत आले की दोघांनाही आधी ताक द्यायचा आणि मग ऐकून घ्यायचा. ताक पिऊन होईपर्यंत अर्धं भांडण निवलेलं असायचं.

आता या गावाची एक रीत होती, ती नीट समजून घ्या. गोष्ट सगळी तिच्यावरच आहे.

दरवर्षी गहू पोटरीत आला, म्हणजे ओंबी फुटायला आली, की गाव पाटफेरी काढायचं. सगळे बाप्ये सकाळी बंधाऱ्यावर जमायचे. पुढे हलगीवाला, त्याच्या मागे तात्या, मागे गाव. पाटाच्या कडेने चालत खाली यायचं. प्रत्येक शेताच्या बांधावर त्या शेताचा धनी उभा असायचा. तात्या त्याला विचारायचा, "पाणी पोचलं का?" धनी म्हणायचा, "पोचलं." मग पुढचं शेत. कोणी "नाही" म्हणाला, तर फेरी तिथेच थांबायची आणि त्याचं पाणी मिळाल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायची नाही. फार चांगली रीत होती ती. आसपासच्या गावांत तिचं नाव निघायचं.

फेरी थोरल्या जांभळीखाली संपायची. तिथे चुली मांडलेल्या असायच्या. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, वर गूळ. जेवण झालं की तात्या पाटाचं पाणी ओंजळीत घ्यायचा, सूर्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पाटाचं पाणी सगळ्यांना पोचलं." तो शब्द दिला की वर्षभर कोणी पाण्याची तक्रार करायची नाही, अशी बोली होती.

जांभळीच्या पुढे पाट वळायचा. वळणाच्या पलीकडे पिंग्यांची शेतं होती.

फेरी जांभळीशी का थांबायची, तर पूर्वी पाटच तिथे संपत होता. पुढे पिंग्यांनी पाट वाढवला, पण फेरी वाढली नाही. फेरी वाढवायची नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. चुलीची जागा ठरलेली होती, सावली चांगली होती, आणि तिथवर येईतो सगळ्यांना भूक लागायची. एवढंच.

पिंगे जेवणाला लागणारी पळसाची पानं आणि सरपण घेऊन यायचे. पत्रावळी मांडून द्यायचे आणि बाजूला उभे राहायचे. म्हणजे गावाला ते रोजचेच ओळखीचे होते. फक्त प्रश्न बांधावर विचारायचा असतो, आणि त्यांच्या बांधावर कोणी जात नव्हतं.

तात्याचं शेत जांभळीच्या जरा वर होतं. त्याच्या शेताच्या मोरीत, म्हणजे पाटातून पाणी आत घ्यायचं तोंड असतं तिथे, एक दगड होता. बारी, म्हणजे पाणी घ्यायची आपली पाळी, संपली की तो दगड बसवून मोरी बंद करायची. तात्याचा दगड नीट बसायचा नाही. एका अंगाला हात जाईल एवढी फट राहायची. दुसऱ्याच्या बारीतही त्या फटीतून पाणी आत यायचं. तात्याचा ऊस त्या बाजूला जरा जास्त उंच असायचा.

"अहो, तेवढा दगड बसवून घ्या की," त्याची बायको म्हणायची.

"बसवू," तात्या म्हणायचा. "आता चिखल आहे."

चिखल नेहमीच असायचा, कारण पाणी नेहमीच यायचं.

अशा फटी बऱ्याच मोऱ्यांना होत्या. चोरी कोणी करत नव्हतं. पाणी सोडणारा पाटकरी पिंग्यांच्या बारीला बंधाऱ्याचं दार उघडायचा, पाणी खळखळत निघायचं, आणि प्रत्येक फटीत थोडं थोडं थांबत जांभळीपर्यंत यायचं. जांभळीपासून पुढे जे जायचं, त्याने वाळू ओली व्हायची.

त्या वर्षी पाटफेरीच्या आधी पिंग्यांची रेवाई तात्याच्या दारात आली. रेवाई वयाने तात्याच्या धाकट्या बहिणीएवढी. नवरा वारलेला, घरात सून आणि नातवंडं. तात्याने तिला ओसरीच्या पायरीवर बसायला सांगितलं आणि ताक दिलं.

"बोल रेवाई."

"तात्या, गहू पोटरीत आलाय. एक पाणी पाहिजे. एकच."

"बारी तर तुमची झाली की परवा."

"बारी झाली. पाणी नाही आलं."

"पाटकरी म्हणतो सोडलं."

"सोडलं असंल. आलं नाही." रेवाईने ताकाचं भांडं खाली ठेवलं. "गेल्या साली गेलं, त्याच्या आदल्या साली गेलं. औंदा घरातलं शेवटचं बी पेरलंय. हे वाळलं तर आमच्या वस्तीला इथं राहण्यासारखं काही नाही. मी दुसरं काही मागत नाही. फेरीला वळणाच्या पलीकडे या. आमच्या बांधावर उभं राहून विचारा. मग आम्ही काय ते सांगू."

तात्याने ऐकून घेतलं. त्याला तिचं म्हणणं खोटं वाटलं नाही. पण वळणाच्या पलीकडे जायचं म्हटल्यावर त्याच्या मनात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. गुडघे दुखतात. ऊन होईल. लोक भुकेले असतील, कुरकुर करतील. आणि इतकी वर्षं आपण ओंजळीत पाणी घेऊन शब्द दिला, तो कसा दिला, असं कोणी विचारलं तर? या सगळ्यांच्या तळाशी मोरीतला दगड होता. त्याच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"बघू," तात्या म्हणाला. "फेरीच्या दिवशी बघू."

रेवाई उठली. तिने भांडं विसळून पालथं ठेवलं आणि गेली.

संध्याकाळी पारावर तात्याने गोष्ट काढली. गावात सखोबा म्हणून एकजण होता. बोलण्यात पटाईत, चार माणसं नेहमी त्याच्याभोवती.

"पिंगे ना?" सखोबा म्हणाला. "तात्या, त्यांचे डोळे घारे. घाऱ्या डोळ्याला हिरवं दिसत नाही. शेत हिरवंगार असलं तरी त्यांना वाळलेलंच दिसणार."

सगळे हसले. तात्याही थोडा हसला.

"आणि त्यांचा मुलूख कोरडा," दुसरा म्हणाला. "त्यांच्या अंगाला जास्त पाणी मानवत नाही. आपलं माणूस तहानेनं मरंल तिथं पिंगा दोन दिवस चालंल."

"आले तेव्हा काय होतं त्यांच्याकडे? गावानं राहू दिलं, हे काय कमी आहे?"

"मग म्हणतात कसं, पाणी येत नाही?" तात्याने विचारलं.

"म्हणायची सवय असते एकेका जातीला," सखोबा म्हणाला.

तात्याला या बोलण्यातलं एकही खरं वाटलं नाही. रेवाईने त्याच्या घरची हिरवी तूर कितीदा निवडून दिली होती. पण ते ऐकून त्याला जरा हलकं वाटलं, हेही खरं. माणसाला पटलेली गोष्ट आणि सोयीची गोष्ट शेजारी शेजारी बसू शकतात. त्या एकमेकींशी भांडतातच असं नाही.

पाटफेरीचा दिवस आला. हलगी वाजली. बंधाऱ्यापासून गाव निघालं.

"पाणी पोचलं का?"

"पोचलं."

"पाणी पोचलं का?"

"पोचलं, तात्या. पायाला चिखल लागला बघा."

असं करत करत जांभळ आली. वांग्यांचा खमंग वास सुटला होता. पिंग्यांनी पत्रावळी मांडल्या होत्या. दरवर्षी त्यांची बरीच माणसं यायची. या वर्षी रेवाई आणि तिची सून एवढ्याच होत्या. बाकीचे कुठे आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तात्या पत्रावळीवर बसणार, तोच रेवाई पुढे आली.

"तात्या, आधी तेवढं वळणापलीकडे येता?"

हलगीवाला थांबला. सगळे बघायला लागले.

"जेवण गार होईल गं बाई," सखोबा म्हणाला. "तुझा गहू काही पळून जात नाही."

कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, "जेवून जाऊ की, तात्या. वळण काय, इथंच तर आहे."

तात्याला ते बरं वाटलं. "जेवून येतो, रेवाई," तो म्हणाला.

रेवाईने मान हलवली आणि ती वाढायला लागली. वाढून झाल्यावर ती आपल्या बांधाकडे गेली.

जेवणं झाली. पोटं भरली, सावली दाट होती, लोक आडवे झाले. तात्या मात्र उठला. भला माणूस होता, शब्द दिला होता. तो एकटाच पाटाच्या कडेने चालायला लागला. पाटात वीतभर पाणी होतं, पुढे चार बोटं झालं, पुढे नुसती ओल. वळण अगदी समोर आलं. आणखी थोडं गेलं की पलीकडचं दिसलं असतं.

तिथे तात्या उभा राहिला.

त्याला वाटलं, आता पाहिलं, तर परत जाऊन ओंजळ कशी धरू? ओंजळ धरली नाही, तर गाव विचारेल का. मग सांगावं लागेल. मग प्रत्येकाच्या मोरीपाशी जावं लागेल. पहिली मोरी माझी. फट बुजवावी लागेल, ऊस अर्धा करावा लागेल, सगळ्यांची तोंडं वाकडी होतील. आणि पाहिलंच नाही, तर मी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही.

मागून हलगी वाजली. लोक उठले होते, तात्याची वाट बघत होते.

तात्या मागे फिरला. जांभळीखाली आला. पाटात वाकला, ओंजळ भरली, सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाटाचं पाणी सगळ्यांना पोचलं."

मागोमाग रेवाई वळणाकडून आली आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागली. तिने वर पाहिलं नाही. पत्रावळींचा भारा बांधला आणि ती वळणापलीकडे गेली.

गहू वाळला. होळीच्या आधी पिंगे गेले. भांडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. बैलगाड्यांवर जे मावलं ते घेतलं आणि माळ ओलांडून निघून गेले. गावाने म्हटलं, "त्यांचा पायच फिरता. एका जागी टिकणारी माणसं नव्हेत ती."

पहिल्या वर्षी गावाला बरंच वाटलं. पिंग्यांची बारी उरली नाही, तेवढं पाणी वर वाटून आलं. ज्यांनी अर्धा ऊस लावला होता त्यांनी सगळं रान उसाचं केलं. तात्याच्या बायकोने पुन्हा दगडाची आठवण करून दिली, तेव्हा तात्या म्हणाला, "आता कोणासाठी बसवायचा?"

दोन-तीन पावसाळे गेले. मग एका उन्हाळ्यात तात्याच्या शेतात, फटीच्या बाजूला, मातीवर पांढरं काहीतरी दिसलं. पीठ सांडावं तसं. त्याने चिमूटभर उचलून जिभेला लावलं. खारट होतं.

पुढच्या साली ते पांढरं शेतभर झालं. शेजारच्या शेतात गेलं, त्याच्या शेजारच्या. उसाचे शेंडे पिवळे पडले, बेणं जमिनीतच कुजलं. नांगर घातला तर ढेकूळ फुटेना, पाऊस पडला तर चिखल वाळेना. जमीन चोपण झाली होती. पाणी जास्त होऊन, निघून जायला वाट नसली, की असंच होतं. आणि वाट होती ती पिंग्यांकडे होती. पावसाळ्यात वरच्या शेतांतलं फाजील पाणी पाटाच्या शेपटातून ओढ्याला जायचं. ते शेपूट पिंगे दरवर्षी उपसायचे, झुडपं काढायचे, गाळ ओढायचे. ते गेल्यापासून तिथे कोणी फावडं लावलं नव्हतं.

गावाने ठरवलं, पाटाचं शेपूट मोकळं करायचं. कुठवर बुजलंय हे आधी बघून या, असं तात्याला सांगितलं. तात्या आता काठी टेकत चालायचा. तो जांभळीशी आला. चुलीचे दगड तिथेच होते. तो पुढे गेला, वळणावर आला, आणि या वेळी थांबला नाही.

वळणापलीकडे काटेरी झुडपांनी पाट भरला होता. घरांचे कूड पडले होते. पण तात्याचं लक्ष बांधांकडे गेलं. पिंग्यांच्या प्रत्येक शेताच्या बांधावर, पाटाच्या कडेला, एक सपाट दगड मांडलेला होता. दगडाभोवतीची जमीन चोपून सारखी केलेली होती. दगडाशेजारी माठ ठेवायला खळगा केलेला होता. एका शेताला एक दगड, दुसऱ्याला दुसरा, असे थेट ओढ्यापर्यंत. दगड बसून बसून गुळगुळीत झाले होते.

तात्याला आधी कळेना, हे कशासाठी. मग कळलं. पाटफेरी आली तर पाहुण्यांना बसायला जागा आणि प्यायला पाणी हवं. दरवर्षी घरटी एकजण आपल्या बांधावर बसून वाट बघत होता. त्या शेवटच्या वर्षी तर सगळेच बघत होते. म्हणून तर पत्रावळींपाशी दोघीच होत्या.

तो पहिल्या दगडावर बसला. मान वळवून मागे पाहिलं, तर जांभळीचा सगळा शेंडा समोर दिसत होता. इतक्या जवळ, की तिथे कोणी हसलं तर इथे ऐकू यावं.

तो बसला असतानाच माळाकडून एक बैलगाडी आली. गाडीत रेवाई होती आणि गाडी हाकणारा तिचा पुतण्या. जाताना जात्याची तळी राहिली होती, ती न्यायला आले होते. रेवाईचे पिंगट केस आता पांढरे झाले होते. वरच्या शेतांकडे तिने एकदा नजर टाकली. मिठासारखी पांढरी जमीन लांबूनही दिसत होती. मग तिने बांधावर बसलेल्या तात्याकडे पाहिलं.

"पाणी पोचलं का, तात्या?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. प्रश्न बांधावर विचारायचा असतो, तसा तिने विचारला.

तात्या काठी टेकून उठला. मग म्हणाला, "नाही पोचलं, रेवाई. माझ्या मोरीत अडलं."

रेवाईने मान हलवली.

"परत या," तात्या म्हणाला. "मी दगड बसवतो. सगळ्यांचे बसवायला लावतो. या वर्षी फेरी इथून सुरू करू."

"करा," रेवाई म्हणाली. "चांगलं आहे. पण आम्ही तिकडे विहीर खणलीय. पोरांची लग्नं तिकडे झाली." ती जरा थांबली. "तुम्ही तेव्हा वळणापर्यंत आला होता, ते मी बघितलं होतं, तात्या. मी इथं या दगडापाशीच उभी होते."

पुतण्याने तळी गाडीत घातली. बैल वळले. गाडी माळावर गेली.

तात्याने बोललेलं केलं. आपल्या मोरीतला दगड त्याने स्वतः छिन्नीने घडवून बसवला, मग दारोदार जाऊन प्रत्येकाला बसवायला लावला. सखोबाने टोमणे मारले, तात्याने ऐकून घेतले. पाटाचं शेपूट मोकळं झालं. जमीन सुधारायला फार काळ लागला. तात्याच्या हयातीत ती पुरती सुधारली नाही. पिंग्यांची एक-दोन घरं पुढे परत आली. रेवाई आली नाही. तिचं शेत गावाने कोणाला दिलं नाही. पण दरवर्षी त्या शेताची बारी आली की पाटकरी तिथवर पाणी सोडायचा, आणि पाटफेरी तिच्याच दगडापासून निघायची. तात्या त्या रिकाम्या बांधावर उभा राहून विचारायचा, "पाणी पोचलं का?" उत्तर कोणी द्यायचं नाही. मग तो स्वतः वाकून, मातीत बोट घालून बघायचा.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचा बोध इतकाच: जे पाहिलं की आपल्या वाट्याचं काही सोडावं लागेल, तिकडे जाताना भल्या माणसाचेही पाय जड होतात, म्हणून पाय जिथे जड होतील, तिथेच एक पाऊल पुढे टाकून पाहावं.